नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो; कॅन्सरच्या भीतीने बोअरचं पाणी प्यावं का?

नाही, तेवढं करू नका. पावसाळ्यात नाशिकच्या नळाला उग्र वास येतो आणि क्लोरीनने कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंत, असं तुम्ही लिहिलंय. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. मेसेज अगदीच हवेतला नाही, पण अर्धवट आहे.

पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश असतो. क्लोरीनची त्याच्याशी गाठ पडली की क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन्स तयार होतात. रॉटरडॅमच्या योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्ये दाखवून दिलं. पावसाळ्यात नाशिकला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणात गढूळ पाणी येतं, क्लोरीन जास्त लागतं, म्हणजे हे पदार्थही वाढायला वाव. वास मात्र त्यांचा नसतो, उरलेल्या क्लोरीनचा असतो.

असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर काहीसा जास्त आढळलाय. कारण हेच, असं मात्र अजून पक्कं ठरलेलं नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकट्या क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन्स मिळून ०.०८. माझ्या मते आपली मर्यादा सैलच आहे.

पण क्लोरीन नसलेल्या दूषित पाण्यातून होणारे कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो वर्षानुवर्षं वाट बघत नाहीत. तुमच्या सोसायटीत ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी, करून बघा. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेतलं तर बऱ्याचदा रंगच येत नाही, आणि झाकण उघडावं तर तळाशी बोटभर गाळ! क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडलेलं असतं. मला काळजी वाटते ती या टाकीची. आणि बोअरच्या पाण्यात तर मुळात क्लोरीनच नसतं. शेजारच्या ड्रेनेजचं पाणी त्यात झिरपलं तर चवीवरून कळतही नाही.

तरी मनात धाकधूक असेल तर पाणी झाकण न ठेवता काही मिनिटं खळखळ उकळा, क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. क्लोरीनमुळेच तयार होणारी हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं मात्र उकळून जात नाहीत, त्यांच्यासाठी कार्बन फिल्टर बरा. त्यातून क्लोरीनही निघून जातं, म्हणून ते पाणी भरून दोन-दोन दिवस ठेवू नका आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. गिझरच्या गरम पाण्याच्या वाफेतूनही क्लोरोफॉर्म श्वासात जातो, तेव्हा आंघोळीच्या वेळी बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. हे फुकटात होतं.