स्टायलस : पेन चांगलं, तरी चालत का नाही?

टॅबलेट आणि मोबाइलवर लिहिण्याच्या पेनांबद्दल येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांचं मूळ एकच असतं. पेन आधी घेतलं जातं आणि ते आपल्या स्क्रीनला चालेल का, हे नंतर विचारलं जातं. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर यावेळी जरा सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : जुन्या यंत्रांवर काडीनेही लिहिता यायचं. आताच्या मोबाइलला बॉलपेनचं मागचं टोक कळत का नाही?

जुने पडदे दाबावर चालत. वरचा लवचिक थर खालच्या थराला टेकला की झालं, टेकवणारी वस्तू कुठलीही चाले. आताची काच विद्युतधारितेतला, म्हणजे काचेवर वीज धरून ठेवण्याच्या क्षमतेतला, बदल ओळखते. त्यासाठी वीजवाहक वस्तू लागते आणि तिच्यात बॅटरी नसेल तर तिचा स्पर्श बोटाच्या टोकाइतका रुंद लागतो. साध्या रबरी टोकाच्या स्टायलसचा गोळा पाच-सहा मिलिमीटरचा असतो तो याच कारणाने.

प्रश्न : पेन्सिलीला अॅल्युमिनियमची फॉइल आणि ओला कापूस गुंडाळून स्टायलस होतो, असा व्हिडिओ पाहिला. करावा का?

होतो, पण हाताची बोटं फॉइलला लागलेली असतील तरच. करू मात्र नका. फॉइलची कड स्क्रीनवरचं तेलरोधक लेपन खरवडते आणि ओल कडेच्या फटीतून आत जाऊ शकते.

प्रश्न : खोक्यावर 'सर्व टॅबलेट व मोबाइलसाठी' आणि 'दाबाच्या ४०९६ पातळ्या' असं लिहिलेलं पेन घेतलं. कितीही दाबलं तरी रेघ एकाच जाडीची येते, आणि हात टेकला की तिथेही रेघ उमटते. पेन सदोष आहे का?

पेन सदोष नाही, जाहिरात सदोष आहे. ही दोन विधानं एकाच खोक्यावर दिसली की खोकं खाली ठेवावं.

कुठल्याही स्पर्शपडद्यावर चालणारं पेन एकच काम करतं : पडद्याला 'मी बोट आहे' असं भासवणं. आत बॅटरी असली, चार्जिंगचा दिवा लागला, टोक दीड मिलिमीटरचं असलं, तरी पडद्याच्या लेखी ते बोटच. बोटाचा दाब पडदा मोजत नाही, म्हणून रेघ जाड-बारीक होत नाही. आणि पडद्याला पेन व तळहात यांतला फरक कळायला मार्ग नसल्यामुळे तळहाताचीही रेघ उमटते. काही अॅप अंदाजाने तळहात वगळतात, पण तो अंदाजच.

खरा दाब हवा असेल तर पेन आणि पडदा एकाच पद्धतीचे लागतात, आणि अशा पद्धती अनेक आहेत. सॅमसंगचं एस पेन वॅकॉम या कंपनीच्या ईएमआर (विद्युतचुंबकीय) पद्धतीवर चालतं. पडद्यामागच्या जाळीतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर पेन जागं होतं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटची पद्धत एमपीपी (मायक्रोसॉफ्ट पेन प्रोटोकॉल). अनेक क्रोमबुकांत, म्हणजे गूगलच्या प्रणालीवरच्या लॅपटॉपांत, यूएसआय (युनिव्हर्सल स्टायलस इनिशिएटिव्ह) असते. अॅपलची पद्धत अॅपलपुरती. एका पद्धतीचं पेन दुसऱ्या पद्धतीच्या पडद्यावर मुकं राहतं. दोन पद्धती जाणणारी पेनं मिळतात, पण सगळ्या जाणणारं एकही नाही.

त्यात एकाच कंपनीतही घोळ आहे. अॅपल पेन्सिलची पहिली आवृत्ती २०१५ची, दुसरी २०१८ची, यूएसबी-सी वाली २०२३ची आणि प्रो २०२४ची. यूएसबी-सी वाली अॅपलचीच असूनही तिला दाब कळत नाही. दुसरी आवृत्ती २०२४च्या आयपॅड प्रोवर चालत नाही. 'आयपॅडसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या नकला बहुधा तळहात वगळतात, काही पेनाचा तिरकेपणाही ओळखतात, दाब मात्र सहसा नाही. नोट्स काढायला त्या पुरतात, चित्रं काढणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणि '४०९६' हा आकडा पेन मोजू शकतं तेवढ्याचा आहे. पडदा आणि अॅप या दोघांनी तो घेतला नाही तर त्याचा उपयोग शून्य.

घेण्यापूर्वी टॅबलेटच्या सेटिंगमधून मॉडेल क्रमांक उतरवून घ्या, निर्मात्याच्या यादीत त्या क्रमांकापुढे कुठलं पेन आहे ते पाहा, आणि शक्य असेल तर स्वतःच्या टॅबलेटवर पट्टी धरून तिरक्या रेघा अगदी सावकाश ओढून पाहा. सुमार पेनाची रेघ तिथे नागमोडी होते. भरभर सही करून पाहिल्यास हा दोष लपतो. विक्रेते सहीच करायला सांगतात. यादीत तुमचं मॉडेल नसेल तर 'चालेल हो' या शब्दावर विसंबू नका, निर्मात्याच्या ग्राहक सेवेला लेखी विचारा.

प्रश्न : आयपॅडची पेन्सिल आयफोनवर चालेल?

नाही.

प्रश्न : एस पेन चार्ज नसेल तर लिहिणं बंद पडतं का? घरातल्या घडीच्या फोनवरही तेच वापरायचं आहे.

लिहायला चार्ज लागत नाही. ज्या मॉडेलांत बटणाने दूरून फोटो काढता येतो, तिथे त्या सोयीपुरता लागतो. घडीच्या फोनच्या आतल्या पडद्यावर साधं एस पेन टेकवू नका. तो पडदा मऊ असतो. त्याच्यासाठी दबणाऱ्या टोकाचं वेगळं पेन असतं, तेही सगळ्या घडीच्या फोनांना चालत नाही. तुमच्या मॉडेलचं नाव सांगून सेवा केंद्रात खात्री करा.

प्रश्न : पडद्याच्या ठरावीक भागात अक्षरं तुटतात, कधी रेघ उड्या मारते. निब बदलली, फरक नाही.

आधी कव्हर काढा. ईएमआर पेनाला कव्हरमधलं चुंबक किंवा मागे चिकटवलेली धातूची कडी बाधते, आणि ती नेमकी एकाच जागी. मग चार्जर काढून लिहून पाहा. हलक्या प्रतीच्या चार्जरचा विद्युत गोंगाट स्पर्शात मिसळतो. मग जाड टेम्पर्ड ग्लासचा संशय घ्या. तिन्ही करूनही तीच जागा मुकी राहिली, तर दोष पडद्यात आहे. पेनं बदलत बसू नका, यंत्र दाखवा.

प्रश्न : पेनाने काचेवर चरे पडतात का?

प्लॅस्टिकच्या निबेने नाही. निबेखाली अडकलेल्या वाळूच्या कणाने पडतात, कारण वाळूतलं क्वार्ट्झ काचेहून कठीण असतं. पडदा पुसून लिहा आणि निब झिजून आतला धातू दिसण्याआधी बदला. कागदासारखी खरखरीत फिल्म लावली असेल तर निब बरीच लवकर झिजेल.

प्रश्न : पेन वर्षभर कपाटात होतं. आता चार्जच घेत नाही.

आतली इवलीशी लिथियम बॅटरी पूर्ण उतरून मेली असावी. तासभर चार्जिंगला लावून पाहा, टॅबलेटशी असलेली जोडणी काढून पुन्हा करा. तरीही हाललं नाही तर सेवा केंद्र. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करायला काय हरकत होती?

प्रश्न : टॅबलेटच्या पडद्याची एक कड किंचित वर आली आहे आणि तिथे पेनाची रेघ सरकते. दोन महिने असंच चालवतोय. नवं पेन घ्यावं का?

दोन महिने! कड वर येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आतली फुगलेली बॅटरी. ती पेटू शकते. चार्जिंग आत्ता थांबवा, टॅबलेट बंद करा, कड दाबून बसवू नका, टोचू नका, घरी उघडू नका. गादी, खिडकीचे पडदे, कागद यांपासून दूर, कठीण आणि न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा आणि आजच अधिकृत सेवा केंद्राला फोन करून तो कसा आणायचा ते विचारा. पेनाचं नंतर पाहू.