नारिंगी उनी की पिवळी?

प्रश्न : ताई, माझी मुलगी जपानमध्ये साप्पोरोला शिकते. तिथल्या बाजारातल्या उनीच्या, म्हणजे सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या गराच्या, दोन पेट्यांचा फोटो तिने पाठवला. एकीत गडद नारिंगी, दुसरीत फिकट पिवळी, आणि नारिंगी बरीच महाग. पिवळी हलकी असते का? सुट्टीत येताना तिने आणली तर फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : पिवळी हलकी मुळीच नाही. त्या दोन वेगळ्या जाती आहेत. नारिंगी ती बहुधा एझो बाफुन उनी. काटे आखूड, चव दाट आणि गोडसर. पिवळी ती किता मुरासाकी. तिचे काटे लांब आणि काळपट, चव सौम्य, आणि ती खाल्ल्यावर तोंड जड होत नाही. बाफुनमधून गर कमी निघतो, मागणी मात्र जास्त, म्हणून ती महाग. संत्र्याच्या सालीच्या रंगावरून आपण नागपूरकर गोडी ठरवत नाही, तसंच हे. आम्ही जपानमध्येच हाकोदातेला राहत होतो तेव्हा घरी मी पिवळीच जास्त आणत असे. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी अजूनही तीच सुचवते.

आपण खातो ती नुसती अंडी नव्हेत. नर आणि मादी दोघांच्याही प्रजनन ग्रंथींच्या त्या पाच पाकळ्या असतात. म्हणून हंगामाला फार महत्त्व. बीज सोडण्याआधी त्या भरलेल्या असतात, नंतर रोडावतात. साप्पोरो ज्या होक्काइदो बेटावर आहे, त्याच भागातल्या रिशिरी, रेबुन आणि शाकोतान इथली उनी जून ते ऑगस्टमध्ये खावी. तिथल्याच राउसुकडे हंगाम हिवाळ्यातच सुरू होतो. शिवाय हा प्राणी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीवर जगतो. ती मुबलक असेल तिथली उनी चवीला उजवी. त्यामुळे मुलीला सांगा, दुकानदाराला आधी किनारा विचार, मग जात, आणि भाव शेवटी.

पेटीत पाकळ्यांच्या कडा स्पष्ट दिसायला हव्यात, पृष्ठभाग बारीक दाणेदार हवा. खाली पाणी सुटलेलं असेल किंवा उग्र वास येत असेल तर घेऊ नये. लाकडी पेटीतल्या उनीचा आकार टिकावा म्हणून ती बहुतेकदा तुरटीच्या पाण्यातून काढतात. तुरटी जास्त झाली की जिभेवर कडवटपणा राहतो, आणि लोक समजतात उनीच कडू! दोष तिचा नसतो. मिठाच्या पाण्यात बुडवलेली, डब्यात मिळणारी एन्सुइ उनी तुरटीशिवाय असते. माझं मत विचाराल तर तीच घ्यावी. खाण्याआधी चाळणीत निथळायची, नळाच्या पाण्याने कधीही धुवायची नाही. गोड्या पाण्यात ती विरघळल्यासारखी होते.

आता टिकण्याचं. शून्य ते पाच अंशांत, फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात, दोन-तीन दिवस, तेही डब्यावरची तारीख पाहून. कच्ची उनी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. बर्फाचे कण पेशी फाडतात आणि वितळल्यावर नुसता पातळ लगदा उरतो. साप्पोरोहून नागपूर म्हणजे विमानं बदलत येणं, मधे तासन् तास थांबणं. एवढ्या प्रवासात थंडी सलग राहील याची खात्री कोण देणार? कच्चं खायचं असताना तो धोका पत्करू नका. मुलीने ती तिथेच, गरम भातावर घालून खावी. तुमचं जाणं झालं तर तिथल्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये जा.

घरी चव घ्यायचीच असेल तर मीठ लावलेली बाटलीतली उनी आहे. जपानमधल्याच फुकुईची एचिझेन उनी फक्त मिठात मुरवतात, शिमोनोसेकीकडे मद्यात मुरवलेली मिळते. ती ताज्या उनीपेक्षा कितीतरी खारट आणि उग्र, म्हणून भाताच्या घासाला नखाएवढीच लावायची. बाटलीवर फ्रीजची सूचना असते ती आधी वाचून घ्यायला सांगा, कारण काही बाटल्या न उघडताही थंडच ठेवाव्या लागतात. आणि घरात कुणाला कोळंबी-खेकड्यासारख्या समुद्री खाण्याची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका.