वाचकांचे प्रश्न : घरच्या चॉकलेटमध्ये मेण घालावं का?

प्रश्न : अमेरिकेतल्या नणंदेने ‘बकआय’ या पीनट बटरच्या गोळ्यांची कृती पाठवली आहे. वरच्या थरासाठी 340 ग्रॅम चॉकलेट चिप्स वितळवताना त्यात पॅराफिनची पाव वडी घालायला सांगितली आहे. हे मेण खाल्लेलं चालतं का? इथे मेणबत्तीचं मेण वापरलं तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मेणबत्तीचं मेण अजिबात घालू नका, पांढरी साधी मेणबत्ती असली तरीही नाही. ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं. त्यात खनिज तेलाचा अंश राहू शकतो, आणि नीट शुद्ध न केलेल्या खनिज तेलातले काही घटक कर्करोगाला कारण ठरू शकतात. वर रंग, सुगंध, वातीचं मिश्रण हे वेगळंच.

तुमच्या नणंदेच्या कृतीत आहे ते निराळं. अमेरिकेत पूर्वी घरच्या जॅमच्या बरणीवर वितळलेल्या मेणाचा थर ओतून ती बंद करत, त्यासाठी पॅराफिनच्या वड्या किराणा दुकानात मिळत. (बरणीची ही पद्धत आता तिथेही नको म्हणतात. मेण आकसलं की कडेला फट पडते आणि आत बुरशी धरते.) तीच वडी गोळ्यांच्या चॉकलेटमध्ये आली. पाव वडी म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. खाण्यासाठी शुद्ध केलेलं पॅराफिन विषारी नाही. ते पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. एक-दोन गोळ्यांतून पोटात जाईल तेवढ्याने काही होत नाही. पण त्याने अंगी काही लागतही नाही, आणि चव मात्र बिघडते. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. पॅराफिनला सहसा पन्नाशीच्या आसपास उष्णता लागते. तोंडात ती मिळत नाही, मग टाळूला चिकट पापुद्रा राहतो.

मेण घालण्यामागचं खरं कारण समजलं की त्याची गरज उरत नाही. चॉकलेट नुसतं वितळवून थंड केलं तर कोको बटर वेड्यावाकड्या स्फटिकांत गोठतं. मग थर मऊ राहतो, हाताला लागतो, दोन दिवसांत त्यावर राखाडी रेघा येतात. मेण घट्ट बसतं आणि चमकतं, त्यामुळे हा दोष झाकला जातो. दोष मुळातच काढायचा तर टेम्परिंग करा, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून ढवळत थंड करा, की कोको बटर नीट गोठतं.

500 ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या, घटकांत कोको बटर लिहिलेलं. बारीक चिरा. त्यातलं दोन तृतीयांश काचेच्या वाडग्यात घालून मंद उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. तापमान 45 अंश झालं की वाडगा उतरवा आणि बाहेरचा ओलावा लगेच फडक्याने पुसा. आता उरलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ढवळत राहा, 31-32 अंशांपर्यंत उतरू द्या. मिल्क चॉकलेट 29-30 अंशांवर थांबवा. मग सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. थंड खोलीत पाच मिनिटांत ते एकसारखं चमकत सुकलं आणि बोट लावल्यावर ठसा उमटला नाही, तर गोळ्या बुडवायला घ्या. टोक चिकट किंवा पट्टेदार राहिलं तर चिरलेल्या चॉकलेटची आणखी मूठभर भर घाला आणि पुन्हा ढवळा. स्वयंपाकघरातला साधा तापमापक चालेल, पण तो हवाच. या कामात दोन अंशांची चूकही दिसते.

गोळी टूथपिकवर घेऊन बुडवा आणि वरचा थोडा भाग उघडा ठेवा. ओहायो राज्याच्या बकआय झाडाचं बी असं दिसतं, तपकिरी आणि वर फिकट डाग. त्यावरूनच या गोळ्यांना नाव पडलं.

प्रश्न : आम्ही बाजारातलं कंपाउंड वितळवून चॉकलेट करतो. मे महिन्यात ते हातात घेताच वितळतं. त्यात नारळाचं तेल घालावं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नको, उलट होईल. नारळाचं तेल 24-25 अंशांनाच पातळ होतं, त्यामुळे चॉकलेट आणखी मऊ पडेल. थर पातळ हवा असेल तेव्हा 300 ग्रॅम कंपाउंडला एक चमचा पुरे, आणि तेही थंडीच्या दिवसांत. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी पाम कर्नेलसारखी घट्ट केलेली वनस्पती चरबी असते, म्हणून त्याला टेम्परिंग लागत नाही. फक्त जास्त तापवू नका, 40-45 अंश पुरे. मात्र कंपाउंड आणि खरं चॉकलेट एकत्र वितळवू नका. दोन्ही चरबींचं जमत नाही, काही दिवसांत पांढरे डाग येतात. उन्हाळ्यात काम रात्री किंवा पहाटे करा. फ्रिजमध्ये साचा दहा-पंधरा मिनिटंच ठेवा. तिथून काढलेल्या गार चॉकलेटला घाम सुटला तर वरची साखर विरघळते, आणि सुकल्यावर ती खरखरीत पांढरी दिसते.

प्रश्न : मुलांच्या रंगीत चॉकलेट गोळ्यांच्या पाकिटावर 903, 904 असे आकडे असतात. ते मेणच का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : 901 मधमाशांचं मेण, 903 ब्राझीलमधल्या पामच्या पानावरचं कार्नोबा मेण, 904 शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख. तिन्ही चकाकीसाठी, अगदी पातळ थरात वापरतात आणि खाद्यपदार्थांत त्यांना परवानगी आहे. फक्त 901 आणि 904 कीटकांपासून येतात, म्हणून प्राणिज पदार्थ टाळणाऱ्यांनी पाकीट वाचून घ्यावं.

प्रश्न : एकदा मेण घालून चॉकलेट केलं होतं. आता भांडं स्वच्छ होत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गरम पाणी ओतून सिंकमध्ये सोडू नका. मेण पाइपात थंड होऊन गोठतं आणि वाट तुंबते. भांडं किंचित गरम करून जुन्या वर्तमानपत्राने मेण टिपून घ्या, तो कागद कचऱ्यात टाका, मगच साबण लावा. मेण थेट गॅसच्या आचेवर कधीच वितळवू नका. पेट घेतला तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा.