लात्व्हियन भाषेत रस्ता विचारायला आणि सांगायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की शिकायला लात्व्हियाच्या राजधानीत, रीगाला चालला आहात, रस्ता विचारायची वाक्यं तोंडपाठ आहेत, पण समोरचा उत्तर द्यायला लागला की डोक्यावरून जातं. मी काही वर्षं रीगात राहतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी विचारायची वाक्यं घोकणं बंद करा. ‘आत्वाइनुओयिएत, काऽ तिक्त लीत्स ओपेराइ?’ म्हणजे ‘माफ करा, ऑपेरापर्यंत कसं जायचं?’ एवढं एक वाक्य पुष्कळ झालं. ऑपेराच्या जागी हवं ते नाव घाला. बाकी सगळी मेहनत उत्तर ऐकण्यावर करा. (जिथे ऽ आहे तिथे स्वर लांबवायचा, नुसता ‘आ’ झटकन म्हणायचा. आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर.)

पुस्तकात ‘एयिएत’, म्हणजे ‘जा’, असं आज्ञार्थी रूप शिकवतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘युम्स याऽइएत ताइस्नि’ हेही तितकंच असतं. ‘युम्स’ म्हणजे ‘तुम्हाला’ आणि क्रियापदाच्या आधी ‘याऽ’ लागला की ‘लागतं’चा अर्थ येतो: तुम्हाला सरळ जावं लागेल. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे दमछाक होते. आपल्याला ‘तुम्हाला जायचंय’ म्हणायची सवय जन्मापासून आहे, तेव्हा हा भाग फुकटात पदरात पडतो. क्रियापदाकडे कान ठेवायचं आणखी एक कारण आहे. ‘याऽइएत’ ऐकू आलं तर पायी जाण्यासारखं अंतर आहे. ‘याऽब्राउत्स’ आलं तर ट्राम नाहीतर बस पकडा, कारण वाहनाने जाणं हे तिथे वेगळंच क्रियापद आहे.

आता दिशा. डावीकडे ‘पा क्रेइसि’, उजवीकडे ‘पा लाबि’. यात एक खोच आहे. नुसतं ‘लाबि’ म्हणजे ‘बरं, ठीक’, आणि लोक ते वाक्याच्या सुरुवातीला सहज टाकतात. ‘लाबि, ताद पा क्रेइसि’ म्हणजे ‘बरं, मग डावीकडे’. अर्धवट ऐकणारा उजवीकडे वळून मोकळा होतो. ‘पा’ ऐकू आल्याशिवाय वळू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ शब्दांच्या शेपटांचा. नकाशावर ‘इएला’ (रस्ता) लिहिलेलं असतं, माणसं बोलताना इएलास, इएलु, इएलाइ, इएलाऽ असं काहीही म्हणतात. पूल म्हणजे ‘तिल्त्स’, पण पुलापाशी ‘पिए तिल्ता’ आणि पुलावरून पलीकडे ‘पाऽरि तिल्ताम’. आपणही पूल, पुलाशी, पुलावरून असंच करतो, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. म्हणून सुरुवातीला शब्दाचा पुढचा भाग पकडा, शेपूट सोडून द्या. अपवाद एकच: नामाचा शेवटचा स्वर लांबला की तो ‘-त’ प्रत्यय समजा. ‘रीगा’ म्हणजे शहराचं नाव, ‘रीगाऽ’ म्हणजे रीगात. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला मार्क गेलेल्यांनी (म्हणजे आपण बहुतेक सगळ्यांनीच) इथे जरा कान टवकारावेत.

शब्दांच्या याद्या करण्यापेक्षा एक खरा रस्ता घ्या आणि तोच पुन्हा पुन्हा सांगा. मध्यवर्ती रेल्वे स्टेशन ते १९३५ सालचं स्वातंत्र्यस्मारक हा त्यासाठी उत्तम:

‘एयिएत ताइस्नि पा आस्पाज़ियास बुल्वाऽरि, गाराऽम ओपेराइ, लीत्स लाइमास पुल्क्स्तेनिम, ताद पा लाबि.’

आस्पाज़िया बुलेव्हार्डने सरळ जा, ऑपेरा ओलांडून, लाइमाच्या घड्याळापर्यंत, मग उजवीकडे. ‘पा’ म्हणजे रस्त्याने, ‘गाराऽम’ म्हणजे एखाद्या गोष्टीवरून पुढे, ‘लीत्स’ म्हणजे पर्यंत. रस्ता सांगण्यातला निम्मा माल या एका वाक्यात आहे. लाइमा हा तिथला चॉकलेटचा ब्रँड. त्याचं नाव असलेलं हे घड्याळ म्हणजे रीगाकरांची भेटायची ठरलेली जागा, त्यामुळे ‘पिए लाइमास पुल्क्स्तेन्या’ (लाइमाच्या घड्याळापाशी) हे लवकरच कानावर पडेल. ‘पा लाबि’मधला ‘पा’ आणि ‘पा बुल्वाऽरि’मधला ‘पा’ एकच दिसतो. त्यावर डोकं शिणवू नका, दिशांची जोडी आख्खी पाठ करा.

जाता जाता: आस्पाज़िया ही कवयित्री, आणि कालव्याच्या पलीकडचा बुलेव्हार्ड तिचा नवरा, कवी राइनिस याच्या नावाचा. नवरा-बायको समोरासमोर, मध्ये पाणी. ‘आस्पाज़ियाच्या बाजूला की राइनिसच्या?’ एवढं कळलं तरी शहराच्या त्या भागात माणूस चुकत नाही.

सांगायचा सराव घर ते कॉलेज याच वाटेवर करा. चालताना मनात म्हणा: सिग्नलपाशी (‘पिए लुक्सोफोरा’) डावीकडे, दुसरा रस्ता (‘उओत्राऽ इएला’) उजवीकडे, दुकानासमोर (‘प्रेतीऽ वेइकालाम’). ट्राममध्ये हेडफोन काढून बसा. ‘नाऽकामाऽ पिएतुरा’, म्हणजे पुढचा थांबा, असं म्हणून नाव सांगतात. तेच नाव समोरच्या पाटीवर वाचायला मिळतं, त्यामुळे उच्चार आणि लिपी एकदमच जुळतात.

रीगात तुमचा चेहरा बघून बरेच जण, विशेषतः तरुण मंडळी, लगेच इंग्रजीवर येतील. तेव्हा ‘एस माऽत्सुओस लात्विएशु वालुओदु’ (मी लात्व्हियन शिकतोय) असं सांगा आणि वर ‘लूऽद्ज़ु, लेऽनाऽक’, म्हणजे ‘जरा हळू’, जोडा. मग उत्तरातले मुक्काम तुम्ही क्रमाने त्यांना परत म्हणून दाखवा: ऑपेरा, घड्याळ, पा लाबि? चुकलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करतील, बरोबर असेल तर ‘याऽ, याऽ’ म्हणून वाटेला लागतील.