पीएसए वाढला, आता पुढे काय?

प्रश्न : माझे वय ५८ आहे. वर्षभरापासून रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि धारही बारीक झाली आहे. मुलाच्या आग्रहाखातर गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या माणसाला घरी बोलावून रक्ताच्या सर्व तपासण्या करून घेतल्या. त्यात पीएसए ६.१ आला. त्या दिवसांत लघवीला जळजळही होत होती. बाकी अहवाल ठीक आहे. हा कर्करोग असेल का? तंबाखू मळून खाण्याची सवय जुनी आहे.
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपली भीती समजण्यासारखी आहे, परंतु केवळ या आकड्यावरून कर्करोगाचे निदान होत नाही. पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन असून, वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला किंवा मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला, लघवीसाठी नळी घातली गेली किंवा आदल्या एक-दोन दिवसांत वीर्यस्खलन झाले, तरी त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. जळजळ होत असताना रक्त दिले गेले, ही गोष्ट आपल्या बाबतीत फार महत्त्वाची आहे.

प्रथम लघवीची तपासणी व कल्चर (लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्यावे. संसर्ग आढळल्यास उपचार पूर्ण करून, सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा तपासावा. त्याआधी दोन दिवस समागम आणि सायकल चालवणे टाळावे. केस गळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सहा महिन्यांच्या वापराने पीएसए साधारण निम्म्यावर येतो आणि आकडा फसवा ठरतो. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार व लघवी झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते कळते. मूत्ररोगतज्ज्ञ गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतील; संकोचापायी अनेक पुरुष ही तपासणी नाकारतात, पण ती मिनिटभरात होते आणि ग्रंथीत कठीण गाठ असल्यास हाताला लागते. पुन्हा केलेल्या तपासणीतही आकडा चढाच राहिला किंवा गाठ लागली, तर बहुधा एमआरआय करून मगच बायोप्सीचा, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, निर्णय घेतला जातो. वडील किंवा भाऊ यांपैकी कोणाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असल्यास तेही सांगावे.

मला अधिक काळजी आपल्या तंबाखूची वाटते. घरी येऊन रक्त नेणारा माणूस तोंड तपासत नाही, आणि ‘बाकी अहवाल ठीक’ हे शब्द तोंडाला लागू होत नाहीत. आरशासमोर उजेडात उभे राहून गालाच्या आतली बाजू, जिभेखालची जागा आणि जिथे तंबाखूची गोळी धरता ती जागा पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही असल्यास थांबू नये. काही दिसले नाही, तरी दंतवैद्यांकडून एकदा तोंड तपासून घ्यावेच. सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढील व्यक्तींची तोंडाची, रक्तदाबाची व मधुमेहाची तपासणी मोफत होते. रक्तदाब मोजला गेला नसेल, तर तोही तिथेच मोजून घ्या.

तोवर रात्रीच्या जेवणानंतर चहा आणि जास्त पाणी टाळावे. सर्दीची औषधे मनाने घेऊ नयेत, कारण त्यांतील काहींमुळे लघवी अडकू शकते. लघवी पूर्ण बंद झाली, तिच्यातून रक्त गेले किंवा थंडी वाजून ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.