बी.ए.वाल्यांनी चाळिशीत अकाउंट्सकडे वळताना

ताई, तुम्ही विचारलंय: वय 39, बी.ए.ला 52 टक्के, बारा वर्षं घर सांभाळलं, आता सीए करू, सीएमए (कारखान्यांच्या उत्पादनखर्चाचा हिशेब बघणारा कॉस्ट अकाउंटंट) करू की नुसतं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकू? मीही एकेचाळिसाव्या वर्षी मराठीची बी.ए. घेऊन या कामात शिरले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीएचं आधी उरकते. बी.कॉम. नसलेल्यांना फाउंडेशन, म्हणजे पहिली परीक्षा, टाळायची तर पदवीला 60 टक्के लागतात. तुम्हाला फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटर (मधली परीक्षा), मग दोन वर्षं पूर्णवेळ आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी. स्टायपेंडमधून बसभाडं सुटलं तरी खूप. घरात दुसरा पगार असेल तर बघा. सीएमएला टक्क्यांची अट नाही, बी.ए.वर थेट इंटरमीजिएटला नाव घालता येतं. चाकण, वाळूजसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर त्याला किंमत आहे. आणि एक सावध राहा: 'कोर्स करा, जीएसटी प्रॅक्टिशनर (दुसऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं भरणारा नोंदणीकृत माणूस) व्हा' अशा जाहिराती दिसतील. त्या नोंदणीला वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवस्थापनाची पदवी लागते, आपली बी.ए. तिथे चालत नाही. मला हे फी भरल्यावर कळलं. क्लासवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच.

तुमच्या यादीत जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाचा सरकारी डिप्लोमा, नाही, याचं नवल वाटलं. राज्याच्या सहकार खात्याची परीक्षा, वर्षातून एकदा, सहसा मे महिन्यात. शंभर-शंभर मार्कांचे सहा पेपर: हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचे कायदे वगैरे. मराठीत लिहिता येते, नोकरी करत देता येते. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकीला दरवर्षी ऑडिट करून घ्यावंच लागतं. पदवी, हा डिप्लोमा आणि संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव झाला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून खात्याच्या नामिकेसाठी, म्हणजे मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीसाठी, अर्ज करता येतो. ती तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढावी लागतात, तेही कमी पैशांत. हे कुणी सांगत नाही.

टॅली शिकाच, पण नावे-जमा (डेबिट-क्रेडिट) कळल्यावर. माझ्या पहिल्या नोकरीत, एका हार्डवेअरच्या दुकानात, बँकेचा मेळ, म्हणजे आमची वही आणि बँकेचं पासबुक यांची जुळणी, 270 रुपयांनी चुकत होता. दोन दिवस मी टॅलीचा स्क्रीन वरखाली करत बसले. शेवटी तिथले म्हातारे दिवाणजी म्हणाले, "नऊने भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत." चेक 4,630 चा, मी भरला होता 4,360. दहा मिनिटांत सापडला. त्या दिवशी मला हे काम आवडतं हे कळलं, आणि माझ्यासोबत लागलेल्या मुलीला ते आवडत नाही हेही.

म्हणून फी भरण्याआधी एक करा. स्वतःच्या सोसायटीच्या खजिनदारांकडून मागच्या वर्षीचं पासबुक, पावतीपुस्तकं आणि व्हाउचरची फाइल मागून घ्या. दोन महिन्यांची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) हाताने लिहा, खतावणी करा (त्या नोंदी खात्यांवार उतरवा), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) जुळवा. नाही जुळली तर किती रुपयांचा फरक आला ते इथे लिहा, मिळून शोधू.