वाचक विचारतात : क्रीडांगणाचं काम, आधी जमिनीखालचं

प्रश्न : सार्वजनिक निधीतून आमच्याकडे क्रीडांगण आणि त्याला लागून उद्यान होणार आहे. मी देखरेख समितीत आहे. पैसे हप्त्यांनी मिळतील. पहिल्या हप्त्यात सिंथेटिक ट्रॅक उरकावा, म्हणजे लोकांना काम दिसेल, असं काही सदस्यांचं म्हणणं आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही. ट्रॅकचा वरचा थर अगदी शेवटी. दिव्यांचे खांब उभे करायला क्रेन येते, उद्यानाची माती डंपरने येते. तयार ट्रॅकवरून ही वाहनं गेली की तो संपला. पहिला हप्ता माती परीक्षण, भराव, निचरा आणि केबल यांतच जाईल. नजरेत भरेल असं काही दिसणार नाही, हे लोकांना आत्ताच सांगून ठेवा.

भराव 20 ते 25 सें.मी.च्या थरांनी घाला, पाणी मारून रोलर फिरवा आणि प्रत्येक थराची घनता तपासा. एकदम मीटरभर ओतलेला भराव वरून घट्ट वाटतो, पण रोलरचा दाब खालपर्यंत पोचत नाही. पाणी मुरलं की तो खचतो आणि सिंथेटिक थराखालच्या डांबराला भेगा पडतात. ट्रॅकखालून दोन-तीन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. पुढे एखादी वायर न्यायची वेळ आली तर ट्रॅक फोडावा लागणार नाही.

डांबराचा थर झाला की त्यावर पाणी सोडा. निथळल्यावर जिथे डबकं राहील तिथे खडूने खूण करा. 4 मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली 6 मि.मी.पेक्षा जास्त फट दिसली, तर दुरुस्ती करून घ्या. आणि डांबर पुरतं सुकेपर्यंत काही आठवडे थांबा. ओल्या किंवा कच्च्या डांबरावर पॉलियुरेथेन, म्हणजे वरच्या सिंथेटिक थराचं रसायन, धरत नाही, फुगे येऊन थर सुटतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की पहिली कात्री नेमकी या आठवड्यांना लागते.

जे बुजणार आहे त्याचं मोजमाप आणि फोटो बुजवण्याआधीच घ्या. त्याशिवाय बिल पुढे सरकवू नका. वरच्या थराची सरासरी जाडी किमान 12 मि.मी. हवी. रसायनाची आलेली पिंपं मोजत चला. माल कमी पडला की जाडीही कमीच भरते.

प्रश्न : ट्रॅकच्या आतल्या कडेने टेप धरला तर 400 मीटरला जवळपास दोन मीटर कमी भरतात. कंत्राटदाराने फसवलं का?

उत्तर : नाही. प्रमाणित आराखड्यात वळणाची त्रिज्या 36.50 मीटर आणि सरळ भाग 84.39 मीटर असतो, त्यामुळे आतली कड 398.12 मीटरच भरते. धावण्याचं अंतर कडेच्या उंचवट्यापासून 30 सें.मी. बाहेर मोजतात, तिथे बरोबर 400 येतात.

प्रश्न : उद्यानातली झाडं ट्रॅकला सावली देतील अशी जवळ लावावीत का?

उत्तर : सावली प्रेक्षकांना द्या. ट्रॅकजवळ मुळं डांबर उचलतात आणि पानांनी निचऱ्याची गटारं तुंबतात.